मोझेक पिन: सुरीच्या मुठीतलं फूल

आळूवडीचा उंडा वाफवून ताटलीत काढला की वरून तो नुसता हिरवट लोळा दिसतो. काप पाडला की आतलं चक्र दिसतं. पुढच्या कापात तेच चक्र, त्याच्या पुढच्यातही तेच. मोझेक पिनेचं तंत्र याहून वेगळं नाही. पानाऐवजी पितळेची नळी, बेसनाऐवजी काळं इपॉक्सी (दोन भाग कालवले की कडक होणारा गोंद), आणि आत नळीच्या लांबीभर एकमेकींना टेकून उभ्या तारा. अशी वीतभराहून कमी लांबीची दांडी करायची, तिचे तुकडे पाडायचे आणि हाताने घडवलेल्या सुरीच्या मुठीत आरपार बसवायचे. मूठ घासून साफ केली की शिसवी लाकडात पितळेचं कडं आणि त्यात तांब्याच्या सहा पाकळ्या उमटतात.

ही युक्ती जुनी आहे. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचकारागीर रंगीत काचेच्या कांड्या एकजीव करून, ओढून, त्यांचे काप काढतात. त्या कामाला मिलेफिओरी म्हणतात, म्हणजे ‘हजार फुलं’. इराणच्या शिराझ आणि इस्फहानमधली खातमकारीही याच जातीची: लाकूड, हाड, पितळ यांच्या बारीक तिकोनी काड्यांची जुडी चिकटवायची आणि तिचे पातळ काप पेटीवर लावायचे. आपल्याकडे सुरतेत आणि मुंबईत हेच काम सादेली या नावाने चाले. १९व्या शतकात गोरी मंडळी ज्या ‘बॉम्बे बॉक्स’ मायदेशी नेत, त्यांच्यावरच्या बारीक चांदण्या अशाच जुडीतून कापलेल्या असत. सुरीच्या मुठीतला तिचा अवतार मी पहिल्यांदा अमेरिकन सुरीकारांच्या कामात पाहिला आणि तयार दांडीची किंमत बघून ठरवलं की ही घरीच करायची. पहिल्या तीन दांड्या भंगारात गेल्या. का गेल्या, ते ओघात येईलच.

पिनेकडून काय मागायचं

मुठीतली साधी पिन म्हणजे पितळेची भरीव सळई. तिची दोन्ही टोकं ठोकून फुलवली की ती रिबिटासारखी धरून बसते. मोझेक पिन ठोकता येत नाही. पातळ नळी चिरते आणि आतलं इपॉक्सी भुगा होऊन निघतं. पात्याच्या दोन बाजूंना बसवलेल्या मुठीच्या पट्ट्या आडव्या सरकू नयेत एवढं ती सांभाळेल, पण पट्टी पात्यापासून उचलली जाऊ लागली तर तिला दाबून धरायला मोझेक पिनेला डोकंच नसतं. तिची सारी पकड गोंदावर.

म्हणून मी तीन पिनांची मूठ करतो: पुढे आणि मागे ४ मिमीच्या भरीव पितळी पिना, मधे एकच मोझेक. तिन्ही ठिकाणी मोझेक लावलेली मूठ मला बँडवाल्याच्या कोटासारखी वाटते, पण ती माझी आवड झाली. भर कुठे द्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, फक्त मजबुतीचं काम भरीव पिनांवर आणि चांगल्या गोंदावर सोपवावं.

आधी गणित, मग बाजार

माझी पहिली दांडी वाया गेली ती इथे. दुकानात जाऊन दिसेल ती नळी आणि दिसतील त्या तारा घेऊन आलो. घरी आल्यावर पाच तारा आत मावल्या, सहावी काही केल्या जाईना. चारच घातल्या तर आत खुळखुळा. मोठ्या वर्तुळात सारख्या मापाची छोटी वर्तुळं गच्च बसवायची तर मोठ्याचा व्यास छोट्याच्या किती पट हवा, हे भूमितीने ठरवून ठेवलंय. ते आकडे जरा वरच्या अंगाने धरून असे: तीन तारांना २.१६ पट, चारांना २.४२, पाचांना २.७१, सातांना (मधे एक, भोवती सहा) बरोबर ३ आणि एकोणीस तारांना ४.८७. नळीच्या आतल्या व्यासाला या आकड्याने भागलं की चालणारी जाडीत जाडी तार कळते.

उदाहरण घेऊ. नळी बाहेरून ६ मिमी, भिंत अर्धा मिमी. म्हणजे आत ५ मिमी. सात तारांचं फूल हवं, तर ५ भागिले ३, म्हणजे १.६६ मिमी. बाजारात १६ गेजची तार १.६२६ मिमीची असते. अशा तीन तारा ओळीने ४.८८ मिमी भरतात, मोकळीक राहते ०.१२ मिमी. ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक हीच खरी. त्याहून कमी असेल तर तारा अर्ध्यात अडकतात, जास्त असेल तर फूल एका बाजूला कलंडतं आणि काप काढल्यावर सहांतली एक पाकळी भिंतीपासून सुटलेली दिसते.

इथे एक खड्डा आहे. आपल्या बाजारात ‘गेज’ म्हणजे एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज), तारेच्या जाडीची ब्रिटिश मोजणी. अमेरिकन माणूस १६ गेज म्हणतो तेव्हा त्याची तार १.२९ मिमीची असते. परदेशी व्हिडिओ बघून गेज लिहून घेतला की हमखास फसगत. मिलिमीटरमध्ये बोला आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) सोबत न्या. दुकानदार ‘साहेब, सहाचीच आहे’ म्हणतो तेव्हा नळी बाहेरून सहाची असतेच, पण भिंत ०.५ ऐवजी ०.७ निघाली की सगळं गणित ढासळतं.

याच ६ मिमीच्या नळीत बसणारे, मी करून पाहिलेले आणखी तीन घाट सांगतो.

चार जाड तारा १४ गेजच्या (२.०३ मिमी) घातल्या की मधे एक आणि भिंतीलगत चार अशा पाच फटी राहतात. त्या पाचही फटींत २१ गेजची (०.८१ मिमी) तार बसते. जाड तारा तांब्याच्या, बारीक स्टीलच्या. हा घाट मला सगळ्यात आवडतो, कारण तो लांबूनही ओळखू येतो.

दुसरा घाट चक्राचा. मधे ३ मिमीची पितळी नळी उभी करायची आणि तिच्याभोवती २० गेजच्या (०.९१ मिमी) तेरा तारा. मधल्या नळीच्या पोकळीत वेगळ्या रंगाचं इपॉक्सी भरलं तर डोळा तयार होतो. तिसरा घाट १९ गेजच्या (१.०२ मिमी) एकोणीस तारांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. दिसतो झकास, पण मोकळीक इतकी कमी की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सात तारांच्या साध्या फुलातही भिंतीलगत सहा बारीक फटी राहतात. हौस असेल तर तिथे २४ गेजची (०.५६ मिमी) तार सरकवता येते. मी एकदा केलं, पुन्हा केलं नाही.

सामान कुठे मिळतं

पितळेच्या नळ्यांसाठी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास, मुंबईत गुलालवाडी आणि नागदेवी स्ट्रीट भागात शोधायला सुरुवात करा. तांब्याची तार म्हणजे मोटार वाइंडिंगची तार. ती पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत वजनावर मिळते. छोट्या गावात मोटार भरणाऱ्याकडे दोन-तीन हात तार सहज मिळून जाते. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, तो काढावा लागतो.

वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे १.६ मिमीचे स्टेनलेसचे टिग रॉड (टिग वेल्डिंगच्या सळया) मिळतात. हे सरळसोट असतात, त्यामुळे तार सरळ करण्याची कटकट वाचते. तिथेच पितळी ब्रेझिंग रॉडही विचारा. फुलात मधली तार टिग रॉडची आणि भोवतीच्या सहा तांब्याच्या घेतल्या की पांढरा पराग आणि लाल पाकळ्या मिळतात.

भंगाराचं एक गुपित: जुन्या रेडिओची लांब-आखूड होणारी एरियल. तिच्यात एकात एक बसणाऱ्या चार-पाच पातळ नळ्या असतात, आणि पुष्कळ एरियलींमध्ये त्या क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेच्या असतात. कानशीचा एक हात मारला की पिवळं दिसतं, तेव्हा खात्री होते. जुन्या बाजारात अशा एरियल सुट्या पडलेल्या असतात.

बाकी लागतं ते असं: बारीक दातांचं हॅकसॉ पातं (इंचाला ३२ दाती) किंवा सोनाराची करवत, बारीक कानस, वाइस, वॉटर पेपर, नायट्राइलचे हातमोजे, अॅसिटोन, २० मिलीची सिरिंज आणि ६ मिमीच्या नळीवर घट्ट चढेल अशी हातभर पारदर्शक मऊ नळी. गोंद दोन प्रकारचे लागतात. दांडी भरायला पातळ, हळू जमणारं इपॉक्सी रेझिन. रेझिन आर्टवाले वापरतात तेच. पिन मुठीत बसवायला दोन ट्यूबवालं, चोवीस तासांत पूर्ण कडक होणारं जाड इपॉक्सी. पाच मिनिटांत जमणारं काहीही या कामात आणू नका. माझी दुसरी दांडी त्यानेच खाल्ली: रेझिन निम्म्या नळीपर्यंत चढलं आणि तिथेच गोठलं.

तारा तयार करणं

नळी १५० मिमी लांब कापा. एवढ्यात सहा पिना निघतात: मुठीची जाडी १८–२० मिमी धरली तर प्रत्येकी २२ मिमी, सहा पिनांचे १३२, करवतीच्या फटीत प्रत्येक वेळी मिमीभर जातं, आणि दोन्ही टोकांचे पाच-सहा मिमी टाकूनच द्यायचे असतात. यापेक्षा लांब दांडी करायचा मोह आवरा. लांबी वाढली की रेझिन चढवणं अवघड होतं.

कापल्यावर नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूला धातूची किनार उभी राहते. ती टोकदार कानशीने किंवा हाताने फिरवलेल्या जाड ड्रिल बिटने साफ काढा. एवढीशी किनार ०.१२ मिमीची मोकळीक गिळून टाकते आणि माणूस तासभर तारांना दोष देत बसतो.

गुंडाळीतली तांब्याची तार सरळ करायची तर एक टोक वाइसमध्ये, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये पकडा. तार ताणून धरा आणि ड्रिल अगदी सावकाश दहा-बारा फेरे फिरवा. तार किंचित ताणली जाते, थोडी कडकही होते आणि छडीसारखी सरळ बाहेर येते. डोळ्यांवर चष्मा हवाच, तार तुटली तर चाबकासारखी येते. सरळ झाल्यावर पुन्हा व्हर्नियर लावा, ताणल्याने ती थोडी बारीक झालेली असते.

आता इनॅमल. ते जाळून काढायचा सल्ला काही जण देतात. धूर वाईट असतो आणि तांबं पुन्हा मऊ पडतं, म्हणून नको. ३२० नंबरचा वॉटर पेपर दुमडून त्यातून तार दहा वेळा ओढा. पेपरने तारेवर बारीक चरे पडतात, तेही हवेच असतात. गुळगुळीत धातूला इपॉक्सी नीट धरत नाही. नळीच्या आतून घासायला दोऱ्याला पॉलिश पेपरची पट्टी बांधून ती चार वेळा आरपार ओढली की झालं.

शेवटी सगळ्या तारा आणि नळी अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. बोटाचं तेल पुरतं पकड घालवायला. अॅसिटोन भडकतं, तेव्हा खिडकी उघडी आणि देवघरातला दिवा लांब.

तारा नळीपेक्षा दोन मिमी आखूड कापा. आधी भोवतीच्या सहा तारा नळीत सोडा. त्या भिंतीला टेकून आपसूक गोल करतात. मधली तार शेवटी घालायची, तिचं पुढचं टोक कानशीने पेन्सिलीसारखं निमुळतं करून. तारा एकमेकींवर चढल्या नाहीत ना, हे दोन्ही टोकांकडून उजेडात धरून बघा. एका बाजूने फूल नीट आणि दुसऱ्या बाजूने गोंधळ, असं झालं असेल तर मधे कुठेतरी तारांनी जागा बदलली आहे. सगळ्या बाहेर काढून पुन्हा भरा. इथे घालवलेली दहा मिनिटं पुढचे दोन दिवस वाचवतात.

रेझिन भरणं

हा या कामाचा गाभा. दांडी चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

नळीच्या खालच्या तोंडाला कानशीने दोन छोट्या खाचा पाडा, म्हणजे ती भांड्याच्या तळावर उभी टेकली तरी रेझिनला आत शिरायला वाट राहील. वरच्या तोंडावर पारदर्शक नळी चढवा. चढत नसेल तर तिचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि कोरडं पुसून मग चढवा. पारदर्शक नळीच्या दुसऱ्या टोकाला सिरिंज.

आता रेझिन किती लागेल? सात तारांनी नळीची बहुतेक पोकळी व्यापलेली असते. उरलेल्या फटींत १५० मिमीच्या दांडीला जेमतेम पाऊण मिली रेझिन लागतं. म्हणून लोक चिमूटभर रेझिन कालवतात आणि तिथे चुकतात. एवढ्या कमी मापात हार्डनरचे (रेझिन कडक करणाऱ्या दुसऱ्या भागाचे) दोन थेंब इकडेतिकडे झाले की प्रमाण बिघडतं आणि मिश्रण आठवडाभर च्युइंगमसारखं राहतं. निदान दहा मिली करा, उरलेलं वाया गेलं तरी चालेल. डब्यावर प्रमाण वजनाने दिलंय की मापाने, हे वाचा. दोन्ही एक नसतं.

रंग रेझिनमध्ये आधी मिसळायचा, हार्डनर नंतर. काळ्यासाठी रेझिनचा तयार काळा रंग सर्वात सोपा. काजळी किंवा ग्रॅफाइटची पूडही चालते, पण अगदी थोडी. पूड जास्त झाली की रेझिन दाट होतं आणि बारीक फटींतून वर चढत नाही. रंग काळाच का? कारण काळ्यावर पितळ आणि तांबं दोन्ही उठून दिसतात, आणि पुढे घासताना बसलेला मळही लपतो. अंधारात चमकणारी पूड घालून केलेल्या पिना परदेशात लोकप्रिय आहेत. त्या पुडीचे कण भरड असतात, सात तारांच्या गच्च घाटात ते फटींच्या तोंडाशीच अडतात. हौस असेल तर ती मोकळ्या घाटासाठी राखा.

रेझिनमध्ये हार्डनर घालून तीन मिनिटं सावकाश ढवळा. फेटू नका, बुडबुडे होतात. वाटी कोमट पाण्यात ठेवली तर मिश्रण पातळ होतं, पण लवकर जमूही लागतं, तेव्हा ऋतू बघून ठरवा. पुण्यात मे महिन्यात गरम पाण्याची गरजच नाही, उलट हात जरा चालवावा लागतो. डिसेंबरच्या सकाळी कोमट पाण्याशिवाय रेझिन मधासारखं बसून राहतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेमुळे जमलेल्या रेझिनवर चिकट साय येते. ती साबणाच्या पाण्याने धुतली जाते, घाबरायचं कारण नाही.

नळी वाटीत उभी धरून सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश ओढा. रेझिन खालून वर येतं आणि हवा वरून निघून जाते. वरून ओतलं असतं तर हवा मधेच कोंडली असती. पारदर्शक नळीत बोटभर काळं रेझिन दिसलं की थांबा. त्यात बुडबुडे दिसतील. मिनिटभर तसंच धरा, दट्ट्या थोडा सोडा, पुन्हा ओढा. असं तीन-चार वेळा केलं की तारांच्या फटींत अडकलेले बुडबुडे सुटून वर येतात. वाटीतली पातळी मात्र नळीच्या खालच्या तोंडाच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर खालून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

आता पारदर्शक नळी चिमट्याने आवळा. वरून हवा शिरू शकत नाही, त्यामुळे दांडी वाटीबाहेर उचलली तरी रेझिन खाली पडत नाही. खालचं तोंड पटकन पुसा आणि मुलांच्या खेळायच्या मातीची गोळी किंवा एम-सील दाबून बंद करा, वरून चिकटपट्टी. मग चिमट्याच्या वर नळी कापून सिरिंज बाजूला करा, दांडी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उभी ठेवा आणि शेवटी चिमटा काढा. वर राहिलेलं बोटभर रेझिन हा साठा असतो. खाली कुठे पोकळी उरली असेल तर तेवढं रेझिन वरून उतरतं. हा साठा ठेवायला मी तिसऱ्या दांडीपर्यंत शिकलो नव्हतो. प्रत्येक कापात कुठे ना कुठे भोक निघायचं.

दोन दिवस हात लावू नका. वाटीत उरलेलं रेझिन फेकू नका, तेच साक्षीदार. त्यात नख रुतत असेल तर दांडीही अजून कच्ची आहे.

कापण्याआधी एक रेघ

दांडी कापण्याआधी टोकदार सळईने तिच्या लांबीभर एक सरळ चरा ओढा. सहा पाकळ्यांच्या फुलात फरक फारसा जाणवत नाही, पण चार तारांच्या घाटात एका पिनेचा चौकोन सरळ आणि दुसरीचा तिरका बसला तर मूठ वेंधळी दिसते. चऱ्यावरून सगळ्या पिना एकाच दिशेला लावता येतात. काही जण तारांची जुडी पिळून भरतात. पिळाने रेझिनची पकड वाढते हे खरं, पण मग प्रत्येक काप वेगळ्या कोनात फिरलेला निघतो आणि चऱ्याचा उपयोग राहत नाही.

दांडी वाइसमध्ये थेट आवळू नका, नळी चेपते. लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये ६ मिमीची अर्धगोल खाच करून त्यात धरा. करवत हलक्या हाताने चालवा आणि धातू तापू देऊ नका. हे रेझिन उष्णतेने मऊ पडतं, तारा किंचित सरकतात आणि रंग पसरतो. टोकांचे तुकडे कापून टाकल्यावर पहिला काप ४०० नंबरवर घासून बघा. फूल स्वच्छ दिसलं की जीव भांड्यात पडतो. एखादं बारीक भोक दिसलं तर त्या काळ्या रंगाची पूड टोचून वर फेविक्विकचा थेंब सोडला तरी भागतं, मात्र हा इलाज शेवटच्या घासणीच्या आधी करावा.

मुठीत बसवणं

टँगला, म्हणजे पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला, भोक पोलादाला पाणी देण्याआधी पाडायचं. एकदा पातं कडक झालं की साधा ड्रिल बिट फक्त चिरकतो. भोक पिनेपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी मोठं हवं. लाकडाच्या पट्ट्यांचं मात्र शक्य तितकं नेमकं, कारण तिथली फट गोंदाची काळी कडा बनून कायमची दिसत राहते. पट्ट्यांना भोक टँगच्या भोकातूनच, खाली फालतू लाकडाचा तुकडा ठेवून पाडा, म्हणजे दुसऱ्या बाजूला लाकूड उचकटत नाही.

पिन बोटाने ढकलून जायला हवी. जात नसेल तर ती ड्रिलच्या चकमध्ये हलकेच पकडून ४०० नंबर पेपरने फिरवत थोडी कमी करा. हातोडी नाहीच. हातोडीच्या एका टोल्याने आतला गाभा नळीतून अर्धा मिमी पुढे सरकलेला मी पाहिलाय, आणि ती पिन तेव्हा भोकात अर्धी शिरलेली होती.

सगळं एकदा कोरडं जुळवून बघा. मग जाड इपॉक्सी टँगला, पट्ट्यांना आणि पिनांना लावून जोडा. पिन दोन्ही बाजूंना मिमी-दीड मिमी बाहेर राहू द्या, चरा बघून दिशा लावा, क्लॅम्प आवळा पण घाणा करू नका. सगळा गोंद पिळून बाहेर आला तर धरणार काय? पात्याच्या पुढच्या बाजूला बाहेर आलेला गोंद ओला असतानाच अॅसिटोनच्या बोळ्याने पुसा.

घासणं

लाकूड मऊ, पितळ कडक. बोटाने पेपर दाबून घासलं की पिनेभोवतीचं लाकूड झिजतं आणि पिन टेंगळासारखी वर राहते. पेपर नेहमी लाकडी ठोकळ्यावर किंवा पट्टीवर ताणून घ्या. बाहेर आलेलं टोक आधी कानशीने मुठीच्या जवळ आणा, मग १२०, २२०, ४००, ६००, १०००.

बेल्ट ग्राइंडर असेल तर पाण्याची वाटी शेजारी ठेवा. बोटाने पिनेला हात लावून बघा. बोट धरवत नाही एवढी तापली की थांबा. माझ्या एका मुठीत काळं रेझिन तापून फुगलं, तारांच्या वर आलं, आणि थंड झाल्यावर आत खळगा पडला. त्या मुठीवर आता साधी पितळी पिन आहे.

फिकट लाकडाची वेगळी काळजी. घासताना पितळेची आणि तांब्याची पूड लाकडाच्या रेषांत शिरते आणि पिनेभोवती हिरवट-काळा डाग बसतो. सागवान, शिसवी यांत तो लपतो, आंब्याच्या लाकडात तोंड वर काढतो. घासणीआधी पिनेच्या आजूबाजूला चपड्याचा किंवा पातळ फेविक्विकचा हात देऊन छिद्रं बुजवा, आणि दर नंबरनंतर पूड ओल्या फडक्याने न चोळता कोरड्या ब्रशने झटका.

ही पूड श्वासात जाऊ देऊ नका. सहज कापलं जाणारं बाजारू पितळ साधारण तीन टक्के शिसं बाळगून असतं. एन-९५ मास्क लावा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हा उद्योग मांडू नका. घरात कोणी ऐकून घेणार नाही हे वेगळं.

वापरताना तांब्याच्या पाकळ्या काळवंडतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे याचं नवल नको. चिंचेचा कोळ किंवा चिमूटभर पितांबरी बोटावर घेऊन पिनेपुरतं चोळायचं, लगेच धुऊन कोरडं पुसायचं. सुरी सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही, डिशवॉशरमध्ये तर नाहीच. तिथल्या उष्णतेने इपॉक्सी आणि लाकूड दोन्ही सोडून देतात.

उरलेली दांडी काचेच्या बरणीत ठेवतो आणि टोकाचा टाकाऊ काप वहीत चिकटवून शेजारी कृती लिहितो: नळी ६/५, १६ गेज तांबं सहा, मधे १.६ टिग, काळं रेझिन, अमुक तारीख. मागच्या दिवाळीत एका आत्याने ‘मागे केलेलीच पिन हवी’ म्हणून सुरी मागितली, तेव्हा त्या वहीतल्या कापाशी नवी दांडी ताडून बघता आली. नव्या दांडीत मधली तार किंचित जाड आली होती. आत्याच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या येतं.